तीन रेघा आणि कुसुमबाईंचा दम

आमच्या खोलीत शिरणारा माणूस आधी यंत्राकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि विचारायचा, "मॅडम, करंट तो नहीं मारेगी ना?" गोंदियात निम्मे पेशंट हिंदीत घाबरतात, निम्मे मराठीत, प्रश्न तोच. माझं उत्तर ठरलेलं असायचं. "मारला तर आधी मला मारेल. वायर मी लावते." त्यावर माणूस हसायचा. हसला की त्याचा आवळून धरलेला श्वास सुटायचा, आणि मग मी कामाला लागायचे. कारण श्वास आवळून धरलेल्या माणसाची तपासणी आमच्या खोलीत करून काही उपयोग नसे.

मी एका हृदयरोगाच्या दवाखान्यात तंत्रज्ञ होते. पेशंट मला कधी मॅडम म्हणायचे, कधी सिस्टर. सिस्टर मी कधीच नव्हते. बी.एस्सी. करून ईसीजी काढायला शिकलेली, लग्न होऊन गोंदियाजवळ फुलचूरला आलेली बाई मी. आमचे डॉक्टर मला पुष्पाताई म्हणत. डॉक्टरांचं नाव इथे लिहीत नाही. स्वतःचं नाव छापलेलं बघितलं की ते अवघडून जायचे. आता ते नाहीत, तरी त्यांना अवघडवायची माझी इच्छा नाही.

ती खोली एक्सरेच्या पुढे, व्हरांड्याच्या टोकाला होती. खिडकीबाहेर चिंचेचं झाड. आत एक खाट, पाऱ्याचं जुनं बी.पी. मशीन, एक संगणक आणि ते यंत्र. नागपुरात डॉक्टरांचे एक गुरुजी काळीज, रक्तदाब आणि श्वास यांच्या नात्यावर संशोधन करायचे. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांनी यंत्र आपल्या या विद्यार्थ्याला देऊन टाकलं. डॉक्टर स्वतः जीप घेऊन गेले आणि गोधडीत गुंडाळून ते घेऊन आले. त्या दिवशी एखाद्याला मुलगा झाल्यावर असावा तसा त्यांचा चेहरा होता.

यंत्राचं काम सांगायला सोपं आहे. छातीला तीन चकत्या चिकटवायच्या, त्यातून काळजाचे ठोके कळतात. बोटाला एक छोटी पट्टी गुंडाळायची, ती दर ठोक्याला रक्तदाब सांगते. पोटाच्या वर एक लवचीक पट्टा बांधायचा, तो श्वासाबरोबर ताणला जातो आणि सैल होतो. पडद्यावर तीन रेघा धावायला लागतात. वरची काळजाची, मधली रक्तदाबाची, खालची श्वासाची.

आता कुणी म्हणेल, हे तर कुठल्याही दवाखान्यात मोजतात. मोजतात, पण वेगवेगळं. आमचे डॉक्टर म्हणायचे, "एका घरातली तीन माणसं वेगवेगळी भेटली तर तिघंही गोड बोलतात. एकत्र बसवल्याशिवाय घरात काय चाललंय ते कळत नाही." श्वास आत घेतला की ठोके किंचित जलद होतात, सोडला की मंद होतात. सावकाश श्वास घेतला तर हा फरक चांगलाच दिसतो. वरची रेघ लाटेसारखी वरखाली होते. माणूस खाटेवरून उठून उभा राहिला की रक्त पायांकडे उतरतं, दाब घसरतो. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला ते लगेच कळतं, ती मेंदूला कळवते, मेंदू काळजाला म्हणतो, पळ. काळीज पळतं, दाब सावरतो, आणि माणसाला यातलं काहीही कळत नाही. तो उठून दारात जातो आणि चपला शोधतो.

हे ज्याचं बिघडतं तो आमच्याकडे यायचा.

दवनीवाड्याचे एक आजोबा मला फार आठवतात. धानाची चांगली शेती, घरात मोटारसायकली, आणि अंगात जुना मधुमेह. सकाळी खाटेवरून उठले की पडायचे. मी त्यांना सावकाश खोल श्वास घ्यायला लावला. खालची रेघ मोठमोठ्या लाटा काढत होती आणि वरची मात्र सरळ. प्रत्येक ठोका मागच्या ठोक्यासारखा, तेवढ्याच अंतरावर. आजोबा मान वळवून पडद्याकडे बघत होते. मला म्हणाले, "पाहा जी मॅडम, कसा घड्यारीसारखा चालून राहिला! या वयात बी!"

मी हो म्हणाले. काय म्हणणार? घड्याळासारखं चालणारं काळीज हे चांगल्या काळजाचं लक्षण नाही, हे मला तोवर कळलं होतं. मधुमेहानं त्यांच्या काळजाकडे जाणाऱ्या नसा खाऊन टाकल्या होत्या. श्वासानं सांगितलेलं ऐकू येत नव्हतं, दाबानं मारलेली हाक पोचत नव्हती. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, उठण्याआधी पाणी प्या, खाटेवर पाय सोडून बसा, मग उभे राहा. त्यांच्या मुलानं विचारलं, "एवढंच? काही इंजेक्शन-गिंजेक्शन?" त्याहून फार काही आमच्याकडे नव्हतं. डॉक्टर त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत डबा न उघडताच बसून राहिले. पुढे आजोबा दर पोळ्याच्या सुमारास यायचे, तेवढंच ऐकून जायचे, आणि जाताना मला विचारायचे, "चालून राहिला ना घड्यारीसारखा?" मी हो म्हणायचे.

पण मला सांगायचं आहे ते कुसुमबाईंचं.

आमच्या पूर्व विदर्भाला झाडीपट्टी म्हणतात, आणि झाडीपट्टीत दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम सुरू होतो तो थेट होळीपर्यंत चालतो. धान निघालेल्या बांधीत, म्हणजे मोकळ्या शेतात, मांडव पडतो, गावोगावचे पाहुणे उतरतात, हजारो माणसं रात्रभर खाली बसतात. कुसुमबाई असल्या नाटकांच्या एका कंपनीत काम करायच्या. तरुणपणी नायिका, आता आई. त्यांना घेऊन आले ते कंपनीचे मालक शालिकभाऊ, कोहमाऱ्याच्या पलीकडचे. दसरा होऊन गेला होता, हलकं, लवकर पिकणारं धान कापणीला आलं होतं.

शालिकभाऊंनी डॉक्टरांच्या टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि सांगायला सुरुवात केली. "मागच्या सीझनले तीनदा पडली जी साहेब. तिनी बी वेळा एकाच जागी. पोरगा घर सोडून जाते, ही त्याच्यामांगं पद म्हनते, पदाच्या शेवटी लांब तान घेते, अन् तान संपली का धाडकन खाली."

"लोकांनी काय केलं?" डॉक्टरांनी विचारलं.

शालिकभाऊ जरा ओशाळले. "लोकायनं टाळ्या वाजवल्या. त्याईले वाटलं नाटकातच आहे. मंग दुसऱ्या गावचे लोक म्हनून राहिले, तो पडायचा सीन आमच्याकडं बी पाहिजे."

"मी मरून राहिली होती," कुसुमबाई शांतपणे म्हणाल्या, "अन् हे टाळ्या मोजून राहिले होते."

उंच, सावळी, मोठ्या डोळ्यांची बाई. आवाज बोलतानाही भरदार. शालिकभाऊंना पोस्टर छापायला द्यायची होती. वडशाची एक नटी ते काम करायला तयार होती. डॉक्टरांनी ठीक आहे म्हणून सांगितलं तर कुसुमबाई, नाहीतर ती. त्यांनी हे कुसुमबाईंच्या समोरच सांगितलं. आमच्याकडे असंच बोलतात. मनात ठेवून गोड बोलायची पद्धत नाही.

डॉक्टरांनी नेहमीचं सगळं विचारलं. साखर आहे? नाही. आधी काही आजार? नाही. गोळ्या चालू आहेत काही?

"नाई जी."

मग त्या माझ्या खोलीत आल्या. ईसीजी चांगला. श्वासाबरोबर वरची रेघ छान वरखाली होत होती. उभं केलं, दाब जरा घसरला आणि सावरला. शेवटी फुंकण्याची तपासणी. ती अशी, की जुन्या बी.पी. मशीनला जोडलेल्या नळीत जोर लावून फुंकायचं आणि पारा एका खुणेवर धरून ठेवायचा. असा दम धरला की छातीत दाब वाढतो, अंगातून काळजाकडे परतणारं रक्त अडतं, मग रक्तदाब घसरायला लागतो आणि काळीज पळत सुटतं. दम सोडला की सगळं परत जागेवर. बहुतेकांना खुणेवर पारा धरून ठेवताना डोळ्यांत पाणी येतं. कुसुमबाई आरामात फुंकत राहिल्या, मलाच "बस झालं" म्हणावं लागलं. दाब घसरला, काळीज पळालं, सगळं सावरलं. पुस्तकात छापावी अशी तपासणी.

डॉक्टरांनी कागद बघून सांगितलं, "यात काही दोष नाही."

शालिकभाऊंचा चेहरा उजळला. कुसुमबाईंचा नाही. "मंग मी पडून काऊन राहिली साहेब?"

नसलेलं उत्तर देण्याची डॉक्टरांना सवय नव्हती. "मला माहीत नाही," ते म्हणाले. "थोडे दिवस थांबा. पोस्टर छापू नका."

ते दिवसभर त्याच विचारात होते. संध्याकाळी मी पर्स घेऊन निघाले तर म्हणाले, "पुष्पाताई, आपलं चुकलं. आपण तिला आडवं करून तपासलं, फुंकायला लावलं. ती काय आडवी पडून फुंकते का? ती उभी राहून गाते. तिला इथे गायला लावू."

"दवाखान्यात, सर?"

"मग मशीन घेऊन मांडवात जाऊ का?" ते हसले. पण त्यांचा विचार तोही चालू असावा, मला वाटतं.

निरोप धाडला. नाटकाच्या दिवशी जे जे करता ते सगळं करून या, काहीही सोडू नका. कुसुमबाई आल्या त्या नऊवारी नेसून, कपाळाला रुपयाएवढं कुंकू लावून. सकाळपासून उपाशी; नाटकाच्या दिवशी त्यांच्या पोटात काही जात नसे. सोबत शालिकभाऊ आणि कंपनीचा नवा पेटीवाला, हार्मोनियम कापडात बांधून. व्हरांड्यातल्या पेशंटांना वाटलं लग्नाची मंडळी चुकून इकडे आली.

मी चकत्या काढून ठेवल्या. कुसुमबाई म्हणाल्या, "थांबा जी." कमरेचा बटवा सोडला, त्यातून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी फोडून हातावर घेतली आणि पाणी मागितलं.

"हे काय?" डॉक्टर पुढे झाले.

"हे? हे काई नाई जी. धडधडीची आहे."

"तुम्ही तर म्हणाला होता, गोळ्या चालू नाहीत."

"चालू कुठी आहे? नाटक असन तवाच. बाकी दिवस तं हात बी नाई लावत." त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "दुकानात सांगितलं, धडधड होते, त्यानं देल्ली."

डॉक्टरांनी पट्टी उजेडात धरून नाव वाचलं आणि मला दाखवलं. काळजाचा वेग आवरून धरणारी गोळी. आमच्याच दवाखान्यात रोज लिहिली जाते. ज्याला हवी त्याच्यासाठी फार चांगली. त्यांना तिथेच बरंचसं कळलं असणार. पण त्यांनी घाई केली नाही. कुसुमबाईंना समोर बसवून सांगितलं, "मला वाटतं घोटाळा या गोळीत आहे. पण नक्की बघायचं तर गोळी घेऊन गावं लागेल, आणि कदाचित इथेच चक्कर येईल. खाट शेजारी आहे, आम्ही दोघं आहोत. नको वाटलं तर मी नुसत्या अंदाजावर गोळी बंद करतो. तुम्ही सांगाल तसं."

कुसुमबाईंनी त्यांच्याकडे बघत गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्यायल्या.

गोळी अंगात भिनायला वेळ लागतो. डॉक्टर बाकीचे पेशंट बघायला गेले, शालिकभाऊ पेटीवाल्याला घेऊन चहाला. खोलीत आम्ही दोघी. मी विचारलं, "एवढी वर्षं काम करता, आता कसली धडधड?"

त्यांनी पेटीकडे बोट दाखवलं. "हे मास्तरची पेटी आहे."

मास्तर म्हणजे त्यांचे नवरे. कंपनीतले पेटीमास्तर. कुसुमबाईंनी पहिलं पद म्हटलं ते त्यांच्या पेटीवर, आणि पुढचं प्रत्येक पद. "एन्ट्रीच्या आंधी मी विंगेत उभी राहो. तो पेटीचा भाता नुसता हालवे, सूर नाई दाबे. नुसती हवा. उघड, बंद. उघड, बंद. माझ्याइकडं पाहे. मी त्याच्या हातासंगं श्वास घेवो. मंग सूर देल्ला का मी बाहेर."

मागच्या वर्षी पावसाळ्यात मास्तर तापानं गेले. डोक्यात गेला ताप, असं त्या म्हणाल्या. हंगाम आला तेव्हा पेटी तीच, पण हात दुसरा. "पयला सूर आला अन् इथं," त्यांनी छातीवर थाप मारली, "कोनी कोंबडा कोंबल्यावानी झालं. फडफड, फडफड. पाय हालेना. तवापासून गोळी. घेतली का सारं गप्प."

"शालिकभाऊंना सांगायचं होतं."

"सांगितलं अस्तं तं तो तवाच वडशाच्या बाईले घेऊन आला अस्ता. अन् घरी बसून मी काय करू? भिताडायले पद म्हनू?"

खिडकीबाहेर चिंचेची पानं हलत होती. बाईंनी डोळे मिटून घेतले होते आणि मी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी चांगली मंदावली होती.

सगळे परत आले. मी चकत्या लावल्या, पट्टा बांधला, बोटाला पट्टी गुंडाळली. कुसुमबाई खाटेशेजारी उभ्या राहिल्या, मी त्यांच्या मागे खुर्ची धरून. पेटीवाल्यानं सूर दिला.

दवाखान्यात गाणं कसं वाटतं ते ज्यांनी ऐकलं त्यांनाच कळेल. पहिल्याच ओळीला व्हरांड्यातला गोंधळ थांबला. दारात माणसं जमली, त्यात सलाईनची बाटली हातात धरलेला एक जण होता. झाडूवाली मावशी झाडू टेकवून उभी राहिली. मी मात्र पडद्याकडे बघत होते. पद चालू असेपर्यंत ठीक होतं. मग ती शेवटची तान आली. खालची रेघ एका जागी थबकली. श्वास छातीत धरून थोडा थोडा सुटत होता. मधली रेघ उतरायला लागली. उतरत गेली, उतरत गेली. आता वरची रेघ धावायला हवी होती. मागच्या वेळी धावली होती. ती आपली त्याच चालीनं चालत होती, जणू खाली काय चाललंय याचा तिला पत्ताच नाही. तान अजून सुरेल होती. बाईंच्या ओठांचा रंग गेला. मी खुर्ची पुढे सारली आणि डॉक्टरांनी त्यांना दोन्ही खांद्यांना धरलं. मान एका बाजूला कलली होती. आम्ही त्यांना खाटेवर घेतलं, पाय वर केले.

दारातून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"बाहेर व्हा सगळे!" डॉक्टर ओरडले. त्यांना ओरडताना मी एवढ्या वर्षांत तेव्हाच बघितलं.

थोड्या वेळात कुसुमबाईंनी डोळे उघडले आणि आधी विचारलं, "तान पुरी झाली का?"

डॉक्टरांनी दोन्ही वेळचे कागद त्यांच्या पोटावर पसरून दाखवले. इथे दाब उतरला, इथे काळीज धावलं. आज दाब उतरला, काळीज धावलं नाही, गोळीनं त्याला धरून ठेवलं. "एकट्या गोळीचा दोष नाही. पोटात अन्न नाही, झोप नाही, मांडवातल्या दिव्यांची गरमी, उभं राहणं, आणि तुमचा हा एवढा लांब दम. एखादी गोष्ट असती तर शरीरानं निभावून नेलं असतं."

"एवढंच ना?" शालिकभाऊ म्हणाले. "गोळी बंद!"

कुसुमबाई पडल्या पडल्याच म्हणाल्या, "अन् धडधड?"

मग त्यांनी मला सांगितलेलं सगळं डॉक्टरांनाही सांगितलं. शालिकभाऊंनी खाली बघत ऐकलं. पेटीवाल्यानं पेटी हळूच कापडात बांधायला घेतली.

दिवाळीपर्यंत कुसुमबाई अधूनमधून दुपारच्या एसटीनं यायच्या. डॉक्टरांनी त्यांच्यासाठी ठरवलेलं औषध म्हणजे पडद्यासमोर बसून सावकाश श्वास घेणं. इतका सावकाश, की मिनिटाला सहाच व्हावेत. तसं केलं की वरची रेघ मोठ्या लाटा काढायला लागते, दाबही तिच्याबरोबर झुलतो, आणि घाबरलेलं काळीज हळूहळू उतरतं. गोळीसारखं गप्प होत नाही, उतरतं. आधी त्यांना जमेना. गाणाऱ्याचा श्वास उलटा असतो, झटकन घेतलेला आणि लांब सोडलेला. "मले हा गाईचा श्वास नाई जमत," त्या वैतागून म्हणायच्या. एका दुपारी मी वळून बघितलं तर त्यांचा डावा हात मांडीवर आपोआप हलत होता. उघड, बंद. उघड, बंद. पडद्यावर वरची रेघ अशी झुलत होती की मी डॉक्टरांना बोलावून आणलं.

प्रयोगाआधी मीठ घातलेली पेज प्यायची, हे त्यांनी कुरकुरत का होईना मानलं. पण डॉक्टर तान कमी करा म्हणाले आणि बाई बिथरल्या. "लोक दमासाठी येतात साहेब. दम कमी केला तं कुसुम कोन?" डॉक्टर समजावत होते, बाई ऐकत नव्हत्या, आणि शालिकभाऊ दाराशी टेकून उभे होते. ते एकदम म्हणाले, "मंग बसून म्हन ना!"

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो.

"सोन्यासारखा पोरगा घर सोडून गेला," शालिकभाऊ म्हणाले, "त्याची माय उभी कायले राहीन? उंबऱ्यात बसून जाईन ना ते! बसून म्हन पद."

डॉक्टरांनी टेबलावर हात आपटला. बसलेल्या माणसाचं रक्त पायांकडे कमी उतरतं, दाब त्या मानानं टिकतो. हे आमच्या दोघांच्याही डोक्यात यायला हवं होतं. शालिकभाऊंना रक्तदाबातलं काही कळत नव्हतं, त्यांना आई कळत होती. आम्ही लगेच कुसुमबाईंना खुर्चीवर बसवून, पेटीशिवायच, तान घ्यायला लावली. दाब घसरला, काळीज धावलं, तान पुरी झाली, बाई जागच्या जागी. पोस्टर छापायला गेलं, कुसुमबाईंच्या नावानं.

आता ती खोली नाही. डॉक्टर गेल्यावर दवाखाना दुसऱ्यांनी घेतला आणि तिथे सोनोग्राफी आली. यंत्राचं काय झालं मी विचारलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. हल्ली माझा जावई मनगटावरच्या घड्याळात ठोके बघतो आणि मला दाखवतो. मी कौतुक करते. पण ठोके मोजून तो करणार काय, हे त्यालाही माहीत नाही आणि घड्याळालाही. आम्ही एकेका माणसासाठी तास घालवायचो. आता तेवढा वेळ कुणापाशी उरलेला नाही, ना पेशंटपाशी ना डॉक्टरांपाशी. याची मात्र हळहळ वाटते.

त्या वर्षी हंगामातला पहिला प्रयोग भाऊबीजेनंतर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात पोचले तर कुसुमबाई माझ्या खोलीच्या पायरीवर बसलेल्या. घरी न जाता, पहिली एसटी धरून आलेल्या. चेहरा धुतलेला, पण कानांच्या मागे रंग तसाच.

"पडली नाई," त्या म्हणाल्या.

मी त्यांचे दोन्ही हात धरले. डॉक्टरही तेवढ्यात आले. त्यांनी विचारलं, "आणि धडधड?"

"झाली ना! पयल्या सुरालेच झाली. मी तुमचा श्वास घेतला, थोडी उतरली. पन गेली नाई."

डॉक्टरांचा चेहरा पडला. "हंगामभर असंच होत राहिलं तर दुसरं काही बघू या."

"नोको जी." कुसुमबाईंनी मान हलवली. "गोळी घेतली का धडधड नाई होये, पन तो बी नाई ये. नुसती पेटी वाजे. काल धडधडलं तं असं वाटलं, तोच बसला आहे पेटीवर. राहू द्या ते. तेवढं माझं राहू द्या."

डॉक्टर नेहमीची तपासणी करू म्हणाले. मी वायरी लावेपर्यंत बाईंचे डोळे मिटायला लागले होते. अख्खा प्रयोग आणि वर एसटीचा प्रवास. खाटेवर पाठ टेकली आणि त्या झोपल्याच. मी बोटाची पट्टी काढून घेतली, ती फार वेळ ठेवली तर बोट दुखतं. चकत्या काढायला हात पुढे केला तर डॉक्टर हळूच म्हणाले, "राहू द्या."

बाहेर पेशंटांची बाकं भरत होती. कंपाउंडर दोनदा डोकावून गेला, डॉक्टरांनी त्याला हातानंच थांबवलं. आम्ही दोघं स्टुलांवर बसून पडद्याकडे बघत राहिलो. खालची रेघ सावकाश वर चढायची, सावकाश उतरायची, आणि वरची तिच्यामागोमाग जायची.